नंबर खरवडलेली चिप

आमच्या वन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, कोणाकडे सांत्वनाला निघाल्या की मला आधीच ओशाळायला होतं. दोन मिनिटं बसतील, पाणी पितील आणि थेट विचारतील, "मग त्यांच्या पुस्तकांचं काय करायचं ठरलंय?" लाज म्हणून नाही. कारखान्याच्या मशीनदुरुस्ती विभागात चौतीस वर्षं काढलेली ही बाई निवृत्तीनंतर जुन्या मायक्रोप्रोसेसरची, म्हणजे मशीनचा मेंदू असलेल्या चिपांची, माहितीपुस्तकं धुंडाळते. त्या चिपा बनवणाऱ्या कंपन्या बुडाल्या, पण त्यांवर चालणारी मशीनं अजून कुठे कुठे जुंपलेली आहेत. ती अडली की लोक वन्संकडे येतात. त्यांच्या वहीत कोणतं पुस्तक कोणाच्या कपाटात आहे, एवढंच लिहिलेलं असतं. माणूस गेला की पाठोपाठ घरात रद्दीवाला येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून ही घाई.

गेल्या वर्षी प्रेसवाल्या बाई आल्या. अंध मुलांसाठी ब्रेलमध्ये छपाई करणारा छोटासा प्रेस त्या चालवतात. कागदावर ठिपके उठवणारं त्यांचं एकुलतं एक मशीन दहा मिनिटं चालून गप्प बसायला लागलं होतं. परीक्षा नऊ दिवसांवर, अकरा मुलांचे पेपर छापायचे.

"आणि नाही छापले तर?" मी विचारलं.

"तर कोणीतरी वाचून दाखवायचं. भाषेचं निभेल हो. पण गणित? हातभर लांब समीकरण कानांनी कसं सोडवायचं? वर्षभर बोटांनी शिकलीत मुलं."

बोलता बोलता त्यांनी लोकरीच्या शालीतून मशीनचा बोर्ड काढला. वन्सं ओरडल्याच. "लोकरीत? अहो, लोकरीतल्या विजेने चिपचा जीव जातो! तान्हं बाळ आहे का ते, शालीत गुंडाळायला?"

बोर्डाच्या मधोमध चाळीस पिनांची मोठी चिप होती आणि तिच्या पाठीवरचा नंबर कानशीने घासून टाकलेला. आपल्या मालाची नक्कल होऊ नये म्हणून बनवणारे असं करायचे म्हणे. माझ्या मुलाने लॅपटॉप उघडला.

"आत्या, नंबर सांग, आत्ता शोधतो."

"नंबर असता तर तुला कशाला विचारलं असतं? हो बाजूला."

वन्संनी मीटर घेतला आणि चिपला वीज कुठल्या पिनेतून मिळते, कुठून परत जाते, हे शोधायला बसल्या. मी भाजी चिरून, फोडणीला टाकून आले तोवर झालं होतं. "एकोणचाळिसातून आत, एकविसातून बाहेर. बाकीच्यांत वीज कोपऱ्यातल्या पिनांना असते; असली तिरपागडी चिप एकाच कंपनीने काढली, वहिनी. हिचं पुस्तक मोठ्या साहेबांकडे आहे." एवढं म्हणून त्या उगीच मीटरची वायर गुंडाळत बसल्या.

या चालढकलीचं कारण मला माहीत होतं. या साहेबांच्या हाताखाली त्या एकवीस वर्षं राबल्या आणि एकदाही बढती मिळाली नाही. साहेब दोन महिन्यांपूर्वीच गेले होते, तेव्हा वन्सं पुस्तक मागायला सोडा, भेटायलाही गेल्या नव्हत्या.

"जायचं की नाही?" मी म्हटलं. "नाहीतर प्रेसवाल्या बाईंना सरळ सांगून टाका. उगीच टांगून ठेवू नका."

"तुम्ही चला बरोबर."

साहेबांच्या पत्नीने दार उघडलं. "आज उगवलात?"

"आधी आले असते तर हाकलून दिलं असतंत."

"आत्ताही देईन. काय हवंय?"

वन्संनी अकरा मुलांचं गणित सांगितलं. साहेबांच्या पत्नीने आतून जाडजूड पुस्तक आणलं आणि त्यावर हात ठेवून बसल्या. "हे घराबाहेर जाणार नाही. त्यांच्या हातचं लिहिलेलं आहे यात."

पानापानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं बारीक अक्षर. मुंग्यांची रांगच. वन्संनी चष्मा वर केला, खाली केला. "हे काय लिहिलंय?"

"एकवीस वर्षं होतात ना हाताखाली? अक्षर लागत नाही?"

"साहेब आम्हाला ओरडून सांगायचे, ताई, लिहून नव्हे."

"मला लागतं. या अक्षरातली पत्रं वाचूनच लग्नाला हो म्हटलं मी."

"मग तुम्ही वाचा. मी मशीनच इथे आणते."

आणि खरंच आणलं. तीन दिवस त्या घराच्या जेवणाच्या टेबलावर मशीन, मीटर आणि सोल्डरिंगचा धूर. बाई वाचायच्या, वन्सं एकेक पिन तपासायच्या, मी चहा करायचे आणि दोघींना जेवायला उठवायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई चिपला थांबवणाऱ्या पिनेपाशी आल्या. छापील मजकूर म्हणत होता, ही पिन वापरायची नसेल तर मोकळी सोडा. शेजारी पेन्सिल. बाईंनी खणखणीत आवाजात वाचलं, "साफ खोटं. मोकळी सोडली तर चिप तापल्यावर थांबते. रेझिस्टर लावून विजेला बांधा."

वन्संनी भिंग धरलं. त्या पिनेला रेझिस्टर, म्हणजे वीज रोखणारा तांदळाएवढा तुकडा, होता, पण त्याला केसाएवढी चीर. गार असताना टोकं जुळायची, तापलं की सुटायची. तीच ती दहा मिनिटं!

"एवढं माहीत असून कोणाला सांगितलं नाही साहेबांनी," वन्सं पुटपुटल्या.

"तुम्ही विचारलं नसेल."

"विचारलं की अंगावर यायचे."

"ते मात्र खरं," बाई म्हणाल्या आणि दोघी हसत सुटल्या. माझा चहा गार झाला.

नवा रेझिस्टर बसवून प्रेसमध्ये मशीन लावलं, तेव्हा परीक्षेला चार दिवस होते. साहेबांच्या पत्नीही हट्टाने आमच्याबरोबर आल्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला, तरी खडखडाट थांबेना. तिथले तपासनीस स्वतः अंध. गणिताच्या पहिल्या पेपरवर त्यांची बोटं सरसर फिरली आणि मध्येच अडली. पुन्हा मागे गेली.

"सातव्या प्रश्नात चूक आहे," ते म्हणाले.

वन्संचा चेहरा पडला. "ठिपका गाळला का मशीनने?"

"छे हो, ठिपके एकदम टकाटक. पण हे समीकरण सुटायचंच नाही. मास्तरांना फोन लावा, त्यांनीच चुकीचं घातलंय."

"लावा, लावा," आमच्या वन्सं खुर्ची ओढून बसल्या, "आणि सांगा त्यांना, दुरुस्त करून अर्ध्या तासात पाठवा. मशीन तयार आहे."