पाप्पा मार्का

तमिळनाडूतल्या कल्लिडैकुरिचीत अप्पळम, म्हणजे पापड, लाटणारी घरं पुष्कळ. उडदाचं पीठ सगळ्यांचं तेच, पापडखार तोच, ताम्रपर्णीचं पाणीही तेच. मग गिऱ्हाइकानं आपलंच पाकीट मागावं तरी कशावरून? कुणी पाकिटावर देव छापला, कुणी हत्ती. नल्लपेरुमाळनं आपली लेक छापली.

गोमती तेव्हा सहा वर्षांची. जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला फोटो, पुढचा दात पडलेला, वेणीला पेलणार नाही एवढी अबोली. शिवकाशीच्या छापखान्यानं गालांवर गुलाबी रंग सढळ हातानं ओतला. अक्षरओळख नसलेल्या बायकाही दुकानात बोट दाखवून म्हणायच्या, "ती पाप्पा द्या." पाप्पा म्हणजे लहान मुलगी. बघता बघता मार्क्याचं नावच ते पडलं. शाळेत पोरं गोमतीला 'अप्पळम' म्हणून चिडवायची, ती रडत घरी यायची आणि बाप हसून म्हणायचा, "अगं, आपलं अख्खं घर तुझ्या तोंडावर चाललंय!"

ती मोठी झाली आणि माल पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याबरोबर तिरुप्पूरला निघून गेली. तो दुसऱ्या जातीचा. नल्लपेरुमाळनं नदीवर जाऊन तिच्या नावानं अंघोळ केली आणि घरात बजावलं, "आजपासून ती मेली. तिचं नाव निघता कामा नये." बायको पेच्चियम्मानं नाव घेतलं नाही. धाकटा ईसक्की तर तेव्हा जेमतेम बोलायला शिकला होता.

पाकीट मात्र बदललं नाही. गाव काय गप्प बसतंय! चहाच्या टपरीवर कुणीतरी मुदलाळीला, म्हणजे मालकाला, खोचायचंच, "काय मुदलाळी, घरातून घालवलीत, पाकिटातून नाही?" तो फणकारायचा, "धंदा आहे बाबा. मार्का बदलला की गिऱ्हाईक तुटतं." खरं होतं ते. पण शिवकाशीहून नवे गठ्ठे आले की वरचं पाकीट तो उगाचच बराच वेळ हातात धरून बसे, आणि तिरुप्पूरची फेरी तोट्यात गेली तरी बंद करू देत नसे. त्याला तिची आठवण यायची. रोज यायची. पण एकदा नदीत बुडवलेलं डोकं वर काढायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

ईसक्की कर्ता झाला आणि त्याला मोठ्या दुकानांत माल ठेवायचा होता. चेन्नईच्या माणसांकडून त्यानं नवं पाकीट करून आणलं. पांढरं, कोपऱ्यात एक हिरवं पान.

"हे अप्पळम आहे की जुलाबाचं औषध?" नल्लपेरुमाळ म्हणाला.

"अप्पा, गुलाबी गालांची पोरगी आता कोण घेतं? लोकांना वाटतं, माल पण तेवढाच जुना असेल."

"पाप्पा राहील."

"मार्का म्हणून राहील की अक्का म्हणून? एकदा काय ते सांगा. अक्का म्हणून ठेवायची असेल तर मी एक अक्षर बोलणार नाही."

पीठ तिंबणाऱ्या पेच्चियम्माचे हात थांबले. एक शब्द म्हणायचा होता फक्त. पण इतकी वर्षं सांभाळलेला ताठा आड आला. नल्लपेरुमाळ खांद्यावरचा पंचा झटकून म्हणाला, "अक्काबिक्का कोण? मार्काच आहे तो. बदल."

नवं पाकीट बाजारात गेलं. नशीब असं की खपलंही चांगलं.

महिन्याभरानं माडसामी आला. तिरुप्पूरच्या फेरीवर हल्ली तोच माल पोचवायचा. पाणी प्याल्यावर सहज बोलला, "मुदलाळी, बनियन कंपनीजवळच्या दुकानात एक बाई कायम आपलं अप्पळम न्यायची म्हणे. बोलणं आपल्या तिरुनेल्वेलीकडचं. दुकानदारानं नवं पाकीट दिलं, तर तिनं ते उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, 'अप्पा गेले का?'"

नल्लपेरुमाळनं विचारलं, "मग? काय सांगितलं त्यानं?"

"तो काय सांगणार? म्हणाला, कुणाचे अप्पा? बाई पाकीट तिथंच ठेवून गेली. रडत होती, म्हणाला."

माडसामी गेला. नल्लपेरुमाळ ओसरीवर तसाच बसून राहिला. आपण लेकीला मेलेली म्हटलं, आणि ती दर खेपेला दुकानात जाऊन बाप जिवंत आहे, आपल्याला विसरला नाही, एवढंच बघून येत होती.

"पेच्ची," तो कसाबसा म्हणाला, "गोमतीला कुणीतरी सांगायला हवं. मी जिवंत आहे म्हणून."

इतक्या वर्षांनी ते नाव घरात निघालं. पेच्चियम्मानं पदर तोंडाला लावला, पण आवाज कोरडा ठेवला. "ती मेली म्हणून गावभर तुम्हीच सांगितलंत. आता तुम्ही जिवंत आहात हे कुणी सांगायचं?"

नल्लपेरुमाळ भिंतीला धरून उठला.

"ईसक्की," त्यानं लेकाला हाक मारली, "तिरुप्पूरची बस कुठून सुटते रे?"