मीठ चाखणारे चाचा

लातूरच्या कारखान्यात मी सुती कापडाचे रंग बनवतो. दर महिन्याला रंगाचा नवा नमुना घेऊन नांदेडच्या एका म्हाताऱ्या रंगाऱ्याकडे जातो. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणतो. हात कायम निळे, म्हणून ते हात मिळवत नाहीत, हसून कोपर पुढे करतात. घरी दुसरं कुणी नाही. मी उठलो की म्हणतात, "बसा की साहेब, कापड अजून वाळलं न्हाई."

रंग कापडावर पक्का बसावा म्हणून पाण्यात घातलेलं मीठ पुरेसं आहे का, हे ते बोट बुडवून जिभेवर चाखून सांगतात. त्यांचा अंदाज कधी चुकत नाही. ते वर्षानुवर्षं वापरत होते त्या आमच्या जुन्या रंगाने कर्करोगाचा धोका असतो, हे मला फार आधी कळलं होतं. माल खपत होता. मी समोर बसून त्यांना चाखताना पाहत राहिलो.

मागच्या महिन्यात अखेर निर्धोक रंग घेऊन गेलो. तो मीठ घालून पाण्यात कालवल्यावर चाचांनी सवयीने बोट बुडवलं आणि मी नकळत त्यांचं मनगट धरलं.

"चाखू नका, चाचा."

"का बरं? खराब हाय का हा?"

"नाही. हा चांगला आहे. जुना खराब होता."

"कधीपासून ठाऊक हाय तुम्हाला?"

चाचांनी मनगट सोडवून घेतलं, बोट जिभेला लावलं. "मीठ कमी हाय," एवढंच म्हणाले.

मी उठलो तेव्हा दोरीवरच्या कापडातून पाणी ठिबकत होतं. ते मला बसा म्हणाले नाहीत.