कपाळावरचा पिक्सेल

माझ्या फोनच्या पडद्यावर एक लाल ठिपका अडकला होता. वरच्या बाजूला, मधोमध, मोहरीएवढा. फोटो बघा, बातम्या वाचा, बँकेचं अ‍ॅप उघडा, हा आपला जागचा हलत नव्हता. नवरा सॉफ्टवेअरमधला, त्यामुळे आमच्या घरात काहीही बिघडलं की आधी त्यावर व्याख्यान होतं. पिक्सेल म्हणजे काय, त्यात तीन रंगांचे दिवे कसे असतात, त्यातला लाल तेवढा पेटून राहिला तर त्याला मेलेला न म्हणता अडकलेला पिक्सेल का म्हणायचं, आणि माझ्याकडे एक नसून शेजारशेजारचे बरेच कसे अडकलेत, हे सगळं त्याने उपमा गार होईपर्यंत समजावलं. तो घालवायचा कसा, असं विचारल्यावर मात्र त्याला मीटिंग आठवली.

कुवेंपुनगरातल्या आमच्या मोबाइलवाल्याने फोन उलटसुलट करून पाहिला. "फुल डिस्प्ले चेंज माडबेकु, मॅडम." म्हणजे अख्खा पडदाच बदला. एवढ्याशा ठिपक्यासाठी? असं म्हटल्यावर त्याने मला समजुतीने सल्ला दिला, "हागिद्रे स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." म्हैसूरला येऊन मला बरीच वर्षं झाली. नळाला पाणी नसलं, रिक्षावाला उलट्या दिशेने निघाला, लग्नाच्या पंगतीत कुणी आपल्या मांडीवर येऊन बसलं, तरी इथे औषध एकच. मीही थोडं अ‍ॅडजस्ट केलं.

आई सांगलीला एकटी राहते. आम्ही रोज चहाच्या वेळी व्हिडिओ कॉल करतो. ती फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते आणि पासपोर्टच्या फोटोला बसावं तशी ताठ बसते. त्यामुळे ठिपका नेमका तिच्या दोन भुवयांच्या मध्ये यायचा. ती उठून गॅसकडे गेली की तो मागच्या भिंतीवर उरायचा, परत येऊन बसली की पुन्हा कपाळावर. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी हातातला कप खाली ठेवला. बाबा गेले त्याच्याआधी मी आईला कुंकवाशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. ते गेले त्या दिवशी बाबांच्या थोरल्या बहिणीने, माझ्या आत्याने, स्वतःच्या पदराने ते पुसलं. "रीत आहे," म्हणाली. त्या पदराचा रंगसुद्धा मला अजून सहन होत नाही.

मी आईला ठिपक्याचं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "शोभतो का गं?"

"फार शोभतो."

मग ती कोथिंबीर किती महाग झालीय ते सांगायला लागली.

आत्या राहते इथेच, अग्रहारात. तिचं सासर पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, त्यामुळे तिच्या मराठीत अधूनमधून कन्नड डोकावतं. श्रावणात वरमहालक्ष्मीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला ती रिक्षाने आमच्याकडे आली, केसांत वीतभर मोगरा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि चष्मा घरी विसरलेला. तेवढ्यात आईचा फोन आला. मी आत्याला शेजारी बसवून घेतलं. दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली, तोच नेटवर्कने दगा दिला. आईचं चित्र थिजलं. सरळ बसलेली आई, मंद हसू आणि कपाळावर ठसठशीत लाल ठिपका.

"अय्यो देवरे!" आत्या म्हणाली. "वहिनीने कुंकू लावलंय की गं!"

"अगं, तो माझ्या फोनचा ठिपका आहे. पडदा बिघडलाय."

"सुम्ने काहीतरी सांगू नको. फोनला काय पडलंय खोटं दाखवायला?"

मी पुरावा म्हणून नवऱ्याचा फोटो उघडला. त्याच्याही कपाळावर ठिपका. आत्याने डोळे बारीक करून पाहिलं. "देवळात जाऊन आले असतील, अल्वा?" म्हणाली. कपाळ माझं!

तिची रिक्षा अग्रहारात पोचली नसेल, तोच सांगलीहून धाकट्या काकाचा फोन आला. "हे बघ, आम्ही काही जुन्या विचारांचे नाही," अशी त्याने सुरुवात केली. या वाक्याला मी खुर्ची ओढून बसते. "लावायला कुणाची हरकत नाही. पण वहिनींनी निदान विचारायचं तरी." कुणाला, ते त्याने सांगितलं नाही. मग पुण्याची मामी. ती महिला मंडळात भाषणं करते. तिचा पूर्ण पाठिंबा होता, फक्त आईने जरा थांबायला हवं होतं. कशासाठी थांबायचं, बाबा परत येईपर्यंत का, असं विचारल्यावर ती दुखावली. मी प्रत्येकाला पिक्सेल समजावला, नवऱ्याचे तिन्ही दिवे लावून समजावला. कुणाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

शेवटी काकाने कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं, "गैरसमज नकोत, म्हणून वहिनींनी एक फोटो टाकावा." हा तोच ग्रुप, जिथे महिला दिनाला सगळे पुरुष स्त्रीशक्तीला वंदन करतात.

मी आईला फोन करेपर्यंत तिने टाकलाही होता. स्वयंपाकघरातल्या भिंतीपुढे, केस नीट विंचरून, स्वतःचं रिकामं कपाळ. जन्मभर शाळेत पोरांना गणित शिकवलेली बाई, आणि तिच्यावर ही पाळी. फोटोखाली अंगठ्यांची रांग लागली. आत्याने जोडलेले हात पाठवले. मामीने लिहिलं, "किती ग्रेसफुल!" मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. आईला फोन लावला तर ती एवढंच म्हणाली, "मी लावलंच नव्हतं गं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच मला सहन झालं नाही.

नातेवाईक काही दुरुस्त होणार नव्हते. फोन होतो का बघावं, म्हणून मी हट्टाला पेटले. इंटरनेटवर यासाठी रंग भराभर बदलणारा एक व्हिडिओ मिळतो, अडकलेला पिक्सेल त्याने भानावर येतो म्हणतात. फोन मिक्सरला टेकवून तो लावून ठेवला आणि दिवसभर आमचं स्वयंपाकघर दसऱ्याच्या रोषणाईसारखं लुकलुकलं. नवरा म्हणाला, याने काही होत नाही. मग मी पडदा बंद करून मऊ कापडाने ठिपक्यावर हलकेच दाबत राहिले, पुन्हा व्हिडिओ, पुन्हा कापड. दुसऱ्या दिवशी दुपारी कोरं पान उघडून पाहिलं. पांढरंशुभ्र. मेला सुटला होता!

आनंदाने लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला. ती समोर येऊन बसली आणि ठिपका पुन्हा जागच्या जागी, भुवयांच्या मध्ये.

"शी! गेलाच नाही," मी ओरडले. "सगळी मेहनत वाया."

"काय गेलं नाही?"

"तोच तो लाल ठिपका."

आईने मान डावीकडे झुकवली. ठिपका तिच्याबरोबर डावीकडे गेला. उजवीकडे झुकवली. तोही उजवीकडे आला.

मला कळलं.

"बोलणी तर खाऊन झाली होती," आई म्हणाली. "म्हटलं, आता लावूनच टाकावं."

मी म्हटलं, "काळजी करू नकोस. कुणी विचारलं तर सांगते, माझा फोन पुन्हा बिघडलाय."

"कशाला?" आईने डब्याला टेकवलेला फोन जरा सरळ केला. "दुरुस्त झालाय म्हणून सांग."