बाबांचा आवाज असलेलं मशीन

अगं, फोन जरा नीट कानाशी धर, नेहमी माझं अर्धंच ऐकतेस. तुझ्या भावानं काल घरचे फोटो साठवायचं मशीन बदललं. टेबलाखालचा वायरींचा गुंता गेला आणि मिसळणाच्या डब्याएवढं नवं आलं. शेतावर कंपनी उभी राहण्याआधीचे फोटो त्यात उतरले, पण तुझे बाबा कांद्याच्या वाफ्यात उभं राहून बोलतात, तो व्हिडिओ काही दिसेना. तेव्हापासून मला बसवत नाही. त्याला जुनं मशीन भंगारात द्यायचंय. मी म्हटलं, "थांब, दर खंडेनवमीला त्याला झेंडू वाहिलाय मी." तर म्हणतो, "मग ठेव देव्हाऱ्यात." व्हिडिओ तूच काढला होतास, तुलाच सापडेल. हिंजवडीहून चाकण काही परदेश नाही. भंगारवाल्याच्या आधी ये बाई.