शेजारच्या वर्गातलं भांडण

शेजारच्या वर्गातली पोरं भांडायची आणि मी जळायचे. दुसरा शब्द नाही त्याला.

त्या वर्गाची मॅडम आणि मी, आम्ही दोघी सुरतच्या एकाच कॉलेजात फिजिक्स शिकवतो. मुलं गटात गणितं सोडवताना वाद कसा घालतात, असा अभ्यास दोघींनी मिळून हाती घेतला होता. बाकावर फोन ठेवून रेकॉर्ड करायचं, मग ऐकून लिहायचं: मत कुणी मांडलं, कुणी खोडलं, कारण कुणी दिलं. माझ्या गटांत एकाने उत्तर सांगायचं आणि बाकीच्यांनी "हो, बरोबर" म्हणायचं. पंख्याचा आवाज तेवढा छान यायचा. तिच्या गटांत मात्र नुसती खणाखणी.

ती गुजराती. गोडादरा ही सुरतेतली आमची खानदेशी वस्ती; तिथली पोरं तापली की अहिराणीवर यायची, आणि तिला ओ की ठो कळायचं नाही. म्हणून तिच्या फायली माझ्याकडे. तिचं वैभव मीच उतरवून काढायचं! भाषा माझी, पोरं माझ्या गल्लीतली, आणि रंग भरतोय तिच्या वर्गात.

त्या दिवशीचा प्रश्न असा: वर जाणारी लिफ्ट थांबताना आतल्या काट्यावर वजन कमी दिसेल की जास्त? एक मुलगी ठासून म्हणाली, जास्त.

"तुले काय समजस?" दुसरी कडाडली. "मार्केटनी लिफ्ट वर जाईसन थांबस तवय पोट हलकं नई लागस का?"

काय मुद्दा काढला होता! माझ्या वर्गात असा एक निघता तर मी पेढे वाटले असते.

मग तिसरी म्हणाली, "आठे बिनधास्त बोला. या मॅडमले आपलं समजत नई. त्या मॅडम म्होरे नको. ती आपली से. चुकनं ते मायले सांगी देई."

मी ते पुन्हा लावून ऐकलं. त्या मॅडम म्हणजे मी. भाजी घेताना यांच्या आया भेटतात, पोरगी कशी आहे विचारतात, आणि मी सांगते. आपल्या माणसांना सांगायचं नाही तर कुणाला?

"शुं कह्युं?" शेजारी बसलेल्या तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. ती मनापासून हसली.

"तमने तो बधुं समजाय छे, बेन. मने तो तमारी ईर्ष्या आवे."

तिला माझी ईर्ष्या, का तर मला सगळं समजतं! मी हेडफोन काढून तिच्या हातात दिले. ती कौतुकाने ऐकत बसली. तिला काही कळत नव्हतं, म्हणून तिच्यासमोर चुकायला कुणी भीत नव्हतं. मला तेच हवं होतं, आणि गोडादऱ्यात राहून ते मला कधीच मिळणार नव्हतं.