सगळ्यात मागची सायकल

कंपाउंडर निवृत्त झाले, तरी सायकलवाल्या टोळीत त्यांचं नाव 'शेपूट'च राहिलं. दरवर्षी पिकं उभी असताना ही मित्रमंडळी आठवडाभर सायकली दामटत हिंडायची. नियम एकच: पुढच्यांनी मागे वळून बघायचं नाही, मागचं शेपूट बघेल. कोणाची चेन पडली, कोणाला धाप लागली, की कंपाउंडर थांबायचे. प्रत्येक वळणावर "आलो रे!" अशी हाळी द्यायचे, की सगळे निर्धास्त.

त्यामुळे त्यांना माणसं पाठीवरून ओळखू यायची. छापखानेवाल्याची पाठ डावीकडे कललेली, शिंप्याची गाणं म्हणताना डुलणारी. पूर्वी ही रांग संपता संपायची नाही. शिंपी गेला, तेव्हा कंपाउंडरांना त्याचा चेहरा लवकर आठवेचना. डोळ्यांपुढे यायची ती घामाने भिजलेली पाठ.

यंदा गुडघा कुरकुरत होता. बायकोने बजावलं होतं, "पाय दुखला की सरळ बस पकडायची. आणि मग ही सहल शेवटची." म्हणून सकाळपासून त्यांनी ब्र काढला नाही. मक्याच्या शेतांतून रस्ता वळत होता. अंतर वाढलं, तसा त्यांनी आवाज चढवला. "आलो रे!" पुढची मंडळी आपली निवांत. शेवटी आवाज पोचेना आणि पायही हलेना, तेव्हा ते विहिरीच्या कठड्यावर बसले.

बऱ्याच वेळाने एक सायकल माघारी आली. नेहमी सगळ्यांत पुढे असणारा सुतार, त्यांचा मेहुणा.

"भावजी, हे काय?"

"चेन पडली होती."

"चेन जागेवर आहे. गुडघा दाखवा." गुडघा सुजलेला. "ताईला फोन लावू?"

"लाव. बसमध्येही बसव. पुढच्या वर्षी मला कोणी उंबरा ओलांडू देणार नाही, एवढं ध्यानात ठेव."

सुतार शेजारी टेकला. "इतकी वर्षं पुढे राहून मी बघितला नुसता रस्ता. शिंपी डुलायचा, हेसुद्धा तुमच्याच तोंडून ऐकलं. आता मी मागे राहतो. तुम्ही व्हा पुढे, झेपेल तसं."

"अरे, मुंगी मागे टाकेल मला!"

"टाकू दे. आपल्याला कुठे घाई आहे?"

कंपाउंडर सायकलवर चढले. वाटेत थांबलेल्या मंडळींनी त्यांना पुढे घातलं आणि सगळे त्यांच्या मागून निघाले. "सायकलला झोप लागली काय हो?" छापखानेवाला ओरडला. "औषध पाजा तिला!"

मुक्कामाला पोचायला संध्याकाळ झाली. कंपाउंडरांनी स्वतःच घरी फोन लावला.

"गुडघा?" बायकोने पहिलंच विचारलं.

"सुजलाय. पण आज मी पुढे होतो."

"म्हणजे सगळे तुमच्या चालीने आले?"

"हो. शिव्या घालत."



"मग सकाळी पट्टी घट्ट बांधून निघा," ती म्हणाली.