पंचेचाळीसवर वाजवा

आमच्या जिल्ह्यात डीजे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ट्रक येतो. ट्रकवर स्पीकरची भिंत, पुढे वरात, मागे कानात बोटं घातलेली म्हातारी माणसं. मी ज्या डीजेंसाठी लिहितो ते वेगळे. ते शहरांतल्या क्लबांत दोन टर्नटेबलांच्या मागे उभे राहतात आणि हाउस, टेक्नो अशा यांत्रिक ठोक्यांच्या संगीताच्या तबकड्या एकीत एक मिसळून लोकांना तासन्‌तास नाचवतात. त्यांच्यासाठी नव्या बारा इंची तबकड्या सतत निघत असतात. त्यांतली कुठली घ्यावी आणि कुठली दुकानातच पडू द्यावी, हे सांगणारं चार पानांचं पत्रक मी दर महिन्याला बुलढाण्यातून काढतो. मराठीत काढतो. मराठीत का, असं पुण्यात कुणी ना कुणी विचारतंच. मी म्हणतो, तुमच्या क्लबात नाचणाऱ्यांच्या आया काय इंग्रजीत रागावतात?

लिहायला मी शिकलो विद्यार्थी चळवळीच्या पत्रकांवर. वसतिगृहातलं गढूळ पाणी, मुलींसाठी सकाळची एसटी, परीक्षेची वाढलेली फी. पत्रकाची रीत सोपी असते. पहिल्या ओळीत कोण चुकलं ते सांगायचं, शेवटच्या ओळीत काय करायचं ते. मधे फार लांबवायचं नाही, कारण वाचणारा बसस्टँडवर उभा असतो. तबकड्यांवरही मी असंच लिहितो. ‘घ्या.’ ‘घेऊ नका.’ ‘पहिली बाजू घ्या, दुसरीवर चहाचा कप ठेवा.’ लोकांना राग येतो. येऊ दे. पत्रक वाचतात ना.

एक नियम मी सुरुवातीपासून पाळला होता आणि पहिल्या पानावर चौकटीत छापलाही होता. तबकडीसोबत जी चिठ्ठी येते ती आधी वाचायची नाही. या चिठ्ठ्या मला सहनच होत नसत. प्रत्येक तबकडी क्रांतिकारी, प्रत्येक ठोका काळजाला भिडणारा. ‘या वेळी माल जरा फसलाय’ असं लिहिलेली एकही चिठ्ठी मी आजवर पाहिलेली नाही. म्हणून आधी ऐकायचं, मोजायचं, मत लिहून छापायला द्यायचं, आणि मग वाटलंच तर चिठ्ठी उघडायची. बहुतेक वेळा वाटायचं नाही. या नियमाचा मला भयंकर अभिमान होता.

जवळच्या धाड गावाहून एक पार्सल जीपवाल्याच्या हाती आलं ते याच दिवसांत. पाठवणारीला मी ओळखत होतो, म्हणजे एकदा भेटलो होतो. भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली मुलगी. पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, तिथल्या क्लबांत कान तयार केले, मग नोकरी सोडून गावी आली आणि घरच्या एका खोलीत लॅपटॉपवर स्वतःचं टेक्नो बनवायला बसली. ही तिची पहिली तबकडी. पार्सलात होती ती चाचणीची प्रत. कारखाना सगळ्या प्रती काढण्याआधी अशा चार-पाच प्रती पाठवतो. बनवणाऱ्यानं त्या ऐकून ‘हो’ कळवलं की मग बाकीच्या निघतात. चाचणीच्या प्रतीवरचं गोल लेबल कोरं पांढरं असतं. नाव नाही, गाव नाही, काही नाही.

मी ऐकली, मोजली आणि लिहिलं:

‘या तबकडीत जीव नाही. मिनिटाला शहाण्णव ठोके, आणि प्रत्येक ठोका चिखलातून पाय उपसल्यासारखा. वरून ओलं गोणपाट फरशीवर आपटल्याचा आवाज अखंड चालू. क्लबात लावाल तर लोक खुर्च्या शोधतील. आपल्या जिल्ह्याची म्हणून सवलत मिळणार नाही. घेऊ नका.’

शेवटून दुसरं वाक्य लिहिताना मला फार बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

पत्रक गेलं. तीन दिवसांनी तिचा फोन.

“वाचलं तुह्यं पत्रक.”

“हे बघ, वाईट वाटलं असेल, पण मी—”

“वाईटाचं सोड. शहाण्णव कुठून आनले?”

“मोजले.”

“म्या एकशेतीसवर बनवलं हाय. चिठ्ठी वाचली का बे?”

मी पार्सलातली बंद चिठ्ठी शोधायला लागलो.

“पयल्याच ओळीत लिवलं होतं. पंचेचाळीसवर वाजवा.”

टर्नटेबलला दोन वेग असतात, मिनिटाला तेहेतीस फेरे आणि पंचेचाळीस. कुठला लावायचा ते लेबलवर छापलेलं असतं. त्या महिन्यात आलेल्या सगळ्या तबकड्या तेहेतीसच्या होत्या. कोऱ्या लेबलची हीसुद्धा मी तशीच लावली. तिचे एकशेतीस ठोके माझ्याकडे शहाण्णव झाले, आणि मी ते शहाण्णव ठणकावून छापले.

“पुण्याच्या दुकानदाराचा फोन आलता,” ती म्हणाली. “त्याच्याकडं बी एक कोरी प्रत हाय. त्यानं तुह्यं पत्रक वाचलं, शहाण्णव पाहून तेहेतीसवरच लावली, अन्‌ म्हने तुमच्याच जिल्ह्याचा मानूस असं लिवते तं मी काऊन ठेवू? सगळ्या प्रती तोच घेनार होता. कारखान्याले शुक्रवारपावतर हो कळवा लागते. नाही कळवलं तं नंबर गेला. मंग कधी लागन काय मालूम. दोन वर्षं घातली म्या यात.”

फोन ठेवला. तबकडी लावली. बटण पंचेचाळीसवर.

गोणपाट नव्हतंच ते. तो स्प्रिंकलर होता. चक-चक-चक-चक करत पाण्याची धार हरभऱ्यावरून फिरत जाते आणि टोकाला पोचली की सर्रकन माघारी येते, तो. तिनं तो आवाज शेतात टिपून ठोक्यांवर असा बसवला होता की प्रत्येक माघारी येण्याला खालचा ठोका दुप्पट होऊन उसळत होता. माझ्या घरामागं असे स्प्रिंकलर दर हिवाळ्यात चालतात. मी त्या आवाजात अभ्यास केलाय, जेवलोय, झोपलोय. क्लबांतल्या लोकांना तो नसता ओळखू आला तर समजण्यासारखं होतं. मी ओळखला नाही.

मला चिडायची सवय आहे. माझा सगळा कारभार त्यावर चालतो. त्या दुपारी चिडायला समोर कोणीच सापडेना, तेव्हा मी कागद काढून खुलासा लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी जीपनं धाडला गेलो. तिचे वडील पडवीत टोपल्यांत वांगी भरत होते. मला बघून हात न थांबवता म्हणाले, “तुमीच का ते लिवनारे?”

“हो, काका.”

“आमच्या स्प्रिंकलरले गोणपाट म्हनलं म्हने तुमी.”

“चुकलो, काका.”

“नोझल नवा होता ना बाप्पा त्याचा! रेकॉर्डिंग करा लागते म्हने, म्हून दोन घंटे पानी चालू ठेवलं. हरभऱ्याले गरज नव्हती.” मग आत पाहून ओरडले, “ओ माय, आले पाहाय ते गोणपाटवाले!”

ती बाहेर आली. माझ्या हातातला खुलासा घेतला आणि उभ्यानंच वाचला. पानभर होता. कोरी लेबलं पाठवणाऱ्या कारखान्यांची निष्काळजी वृत्ती, खोट्या स्तुतीनं चिठ्ठ्यांवरचा विश्वास घालवून बसलेल्या कंपन्या, स्वतःच्या कानांऐवजी दुसऱ्याच्या आकड्यावर चालणारे शहरी दुकानदार. एकेक मुद्दा खणखणीत.

“यात तुही चूक कुठं हाय?”

“तिसऱ्या परिच्छेदात.”

“पयल्या ओळीत कोन चुकलं ते सांगायचं, असं तूच म्हनतं ना?”

तिनं पेन मागितला. कारखाने गेले, कंपन्या गेल्या, दुकानदार गेले. ‘अनवधानाने’ हा शब्द होता, त्यावर तिनं दोनदा रेघ मारली. उरलं ते असं: ‘मागच्या अंकात मी चूक केली. पंचेचाळीसची तबकडी तेहेतीसवर वाजवून तिला नावं ठेवली. तिचे ठोके एकशेतीस आहेत. माझं वाचून ज्यांनी ती नाकारली त्यांनी पुन्हा ऐकावी.’

“पयल्या पानावर,” ती म्हणाली. “शिव्या जेवढ्या मोठ्या अक्षरात होत्या, तेवढ्याच.”

“आणि तो चिठ्ठीचा नियम?”

“तो तुहा तू पाहाय. मले काय करा लागते?”

तेवढ्यात दुकानदाराचाच फोन आला. तिनं स्पीकर चालू केला.

“अगं, ऐक ना, गंमतच झाली,” तो म्हणाला. “काल दुपारी दुकानात एक डीजे आला. मी तुझी ती प्रत लावून दाखवली, म्हटलं बघ, बुलढाण्याच्या माणसानं काय धुतलीये. तर त्याला प्रचंड आवडली! असा जड, संथ माल लोकांना हवाय म्हणे. तू एक कर, लेबलवर तेहेतीस छाप. सगळ्या प्रती मी घेतो.”

“अजिबात नाही!” मी ओरडलो. “ही सरळसरळ—”

तिनं फोनवर हात ठेवला. “रेकॉर्ड कोनाची हाय?”

“तुझी.”

“मंग चूप राह्य.” हात काढून तिनं दुकानदाराला विचारलं, “तुमी पंचेचाळीसवर आयकली का?”

पुण्यात दोन वर्षं काढूनही तिनं आपली बोली, बायकांनीही ‘करतो’, ‘जातो’ म्हणायची, सोडलेली नाही, आणि समोरचा हसला तर ती त्याचं हसणं संपेपर्यंत थांबते. तो हसला नाही. “पंचेचाळीस? नाही बुवा,” म्हणाला.

“आता लावा. मी थांबतो.”

आम्ही तिघं पडवीत फोनभोवती बसलो. पुण्याच्या दुकानातून आधी खरखर आली, मग ठोका, मग चक-चक-चक-चक. काकांनी वांगी खाली ठेवली. “आपलंच पानी हाय ना हे?” त्यांनी हळूच विचारलं. तिनं नुसती मान हलवली. ती फोनकडे बघत होती.

“चांगली आहे,” बाजू संपल्यावर दुकानदार म्हणाला. “खरंच चांगली आहे. पण खरं सांगू? या वेगाच्या चांगल्या तबकड्या माझ्याकडे खूप येतात. हळू वाजली की ती कुणासारखीच वाटत नाही. पंचेचाळीस छापलंस तर मी निम्म्या घेईन. बघ बाई, तू ठरव.”

माझ्या तोंडात पाच वाक्यं तयार होती. मी एकही बोललो नाही. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

ती उठून अंगणात गेली, एक चक्कर मारली आणि परत आली.

“निम्म्या घ्या,” ती म्हणाली. “पंचेचाळीसच छापतो. ज्याले हळू वाजवायची त्यानं खुशाल वाजवावी, इकत घेतल्यावर ते त्याची हाय. पन लेबलवर म्या बनवली तेच राहीन.”

“बरं बाई,” दुकानदार म्हणाला. तो नाराज वाटला नाही, मात्र निम्म्याच्या वर एकही घेतली नाही.

“उरलेल्या मी पोचवतो,” मी म्हणालो. “पत्रकं वाटत आलोय आजवर. एकेका डीजेला फोन करतो, पंचेचाळीसवर ऐकवतो.”

“हाव, पोचव. पन भाषन देऊ नको त्याहीले.”

मग तिनं फोनवर कारखान्याचं पान उघडलं आणि ‘हो’ कळवण्याआधी माझ्याकडे पाहिलं. “दुसऱ्या बाजूचं तं काहीच लिवलं नाही तू.”

मी दुसरी बाजूही पंचेचाळीसवर ऐकली होती. काका बघत होते, आणि आत्ताच झालेल्या दिलजमाईवर मला पाणी ओतायचं नव्हतं. पण मला तेवढंच येतं.

“ती ढिली आहे,” मी म्हणालो. “पंचेचाळीसवरही. शेवटची दोन मिनिटं नुसती भरती आहे.”

काकांनी पोरीकडे पाहिलं. तिनं कानाला हेडफोन लावले, लॅपटॉपवर तो तुकडा शेवटपर्यंत ऐकला, हेडफोन काढले आणि कारखान्याला ‘हो’ पाठवून दिलं.

“दोन नाही,” ती म्हणाली. “एक मिनिट.”

“दोन.”

“एक. पन छापायचं तं छाप.”

मी दोनच छापलं.